पोतंभर ठोके

मधल्या भिंतीला फेसाची गरज नाही, असं कंपनीची पोरगी परोपरीनं सांगत होती. सांगो बापडी. रेवताबाई धकातेंनी उभ्या जन्मात नवऱ्याचं ऐकलं नव्हतं, त्या काल आलेल्या पोरीचं ऐकणार होत्या होय!

"आजी, फेस लावायचा तो उन्हाच्या भिंतींना," ती म्हणाली. प्रांजली तिचं नाव. "पश्चिमेची, दक्षिणेची, आणि वरचा स्लॅब. ही तर दोन घरांच्या मधली भिंत. इकडेही सावली, तिकडेही सावली. इथून ऊन येणारच नाही."

"ऊन नाही येत," रेवताबाई म्हणाल्या, "पण तिचा खोकला येते ना. लाव म्हटलं तं लाव. अन् दोन थर लाव."

'ती' म्हणजे छबू, पलीकडची. धाकटी जाऊ. दोन सख्ख्या भावांच्या बायका, एका चुलीवर नांदलेल्या. वाटणी झाली तेव्हा घराच्या पोटातून अर्ध्या विटेची भिंत उभी राहिली आणि एका घराची दोन दारं झाली. पुढं दोघंही भाऊ गेले, भिंत राहिली. भिंतच ती मेली, तिला कुठलं मरण!

पवनीचा उन्हाळा आता होळीची वाट पाहत नसे. पारा पन्नाशी ओलांडायचा. सकाळी नगरपालिकेचा भोंगा वाजला की दुपारबंदी. मग उन्हं कलेपर्यंत रस्त्यावर दिसेल त्याला गाडीत घालून घरी नेऊन सोडत. डांबर पायाखाली पुरणासारखं मऊ व्हायचं. कूलर म्हणजे नुसता भट्टीचा भाता. मागच्या वैशाखात गल्लीतून तिरड्या निघाल्या त्या पहाटे, कारण दिवसा खांदा द्यायला माणूस उभा राहीना. म्हणून फेस आला तेव्हा लोकांनी भिंतीपुढं नारळ फोडले.

खरं नाव काहीतरी लांबलचक होतं. लोक म्हणत फेस. साबणाच्या फेसासारखा पांढरा, किंचित निळसर, हातात घेतला तर हातात काही आहे असं वाटू नये इतका हलका. अंगठ्याएवढा थर भिंतीला दिला, दारा-खिडक्यांना त्याच्याच पट्ट्या बसवल्या, ताज्या हवेची नळी लावली की एका छोट्या गारव्याच्या पेटीवर सगळं घर दिवसभर थंड राही.

"याच्यात आहे तरी काय?" रेवताबाईंनी विचारलं. बाई चौथीपर्यंत शिकलेली, पण विचारल्याशिवाय घरात मीठही घेत नसे.

प्रांजलीनं त्यांच्याच ताटलीतले चार मुरमुरे उचलले. "आजी, तांदूळ जड असतो आणि मुरमुरा हलका. दाणा तोच. आत काय आलं?"

"हवा आली. मले काय पहिलीतली समजतं काय?"

"बस, तेच. वैनगंगेत जलकुंभी तरंगते ती देठातल्या पोकळ्यांवर. थंडीत चिमणी पिसं फुगवून बसते, कारण पिसांमध्ये हवा अडकते. तुमच्या गोधडीतली ऊब चिंध्यांची नाही, चिंध्यांमध्ये सापडलेल्या हवेची. हवा मोकळी असली की उष्णता घेऊन इकडून तिकडं पळते. कोंडली की बसून राहते. आमच्या फेसात नव्वद-पंचाण्णव टक्के नुसती कोंडलेली हवाच आहे."

"अन् बाकी?"

"तुमच्याच राईस मिलच्या तुसाची राख. त्या राखेतलं काचेचं द्रव्य काढायचं, त्याची खीर करायची, आणि खिरीतलं पाणी इतकं हळू काढून घ्यायचं की मागं सांगाडा तसाच उभा राहिला पाहिजे. त्या सांगाड्यातल्या खोल्या फार फार बारीक. इतक्या, की हवेच्या एका कणाला दुसऱ्या कणापर्यंत पोचायलाच जागा नाही. तो आपल्याच खोलीच्या भिंतीवर डोकं आपटतो. उष्णतेचा निरोप पुढं द्यायला त्याला कुणी भेटतच नाही."

रेवताबाईंनी जरा विचार केला. "म्हणजे घराघरात कोंडलेल्या बायकाच म्हण ना. शेजारीणच भेटली नाही तं चहाडी पुढं जाईन कशी?"

पोरगी खळखळून हसली. "अगदी तसंच, आजी! आणि आवाजाचंही तेच. म्हणूनच म्हणते, मधल्या भिंतीला राहू द्या. घर मुकं होतं."

"होऊ दे मुकं. लई वर्षं बोललं."

काम झाल्यावर प्रांजलीनं जाता जाता बजावलं, "याच्यावर खिळा ठोकू नका, काही आपटू नका. हा दबला की दबला. आतल्या खोल्या मोडतात, त्या पुन्हा फुगत नाहीत." ती दाराबाहेर पडली न पडली तोच रेवताबाईंनी भिंतीला अंगठा दाबून पाहिला. अंगठ्याची खोबण तिथंच राहिली. पोरगी खोटं बोलत नव्हती.

आता, खोकल्याचं एवढं काय वैर? ते सांगायला पाहिजे.

सासू वाटणीत छबूकडे गेली होती. ती वारली त्या दिवशी रेवताबाई अर्ध्या विटेच्या अलीकडे तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि पलीकडे सासूच्या तोंडात शेवटचं पाणी छबूनं एकटीनं घातलं. रडण्याचा आवाज आला तेव्हा थोरल्या सुनेला कळलं.

"एक हाक मारता नाही आली तुले?" रेवताबाई छबूच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून ओरडल्या.

"हातातला गडू टाकून हाका मारत बसू काय?" छबू म्हणाली.

दोघींचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटलं नाही. रेवताबाईंनी साऱ्या गल्लीदेखत कडाकडा बोटं मोडली, "तुह्या उंबऱ्यात पाय ठेवीन तं आता तू मेल्यावरच!"

छबू काही कमी नव्हती. "ये, सावकाश ये. मले घाई नाही."

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. पण बोलणं बंद झालं म्हणून बातचीत थोडीच बंद होते! सासूचा लोखंडी खलबत्ता होता, त्याचीही वाटणी झालेली. कुणी सोडेना, तेव्हा खल थोरलीला आणि बत्ता धाकटीला. दोघींनी उरलेला अर्धा भाग बाजारातून आणला. रोज सकाळी रेवताबाई मधल्या भिंतीशी पाट घेऊन बसत आणि जुन्या खलात नव्या बत्त्यानं मिरची-लसूण कुटत. कुटणं थांबलं की पलीकडून जुना बत्ता नव्या खलाच्या काठावर तीनदा वाजे. ठण. ठण. ठण.

त्याचा अर्थ कुणी ठरवला नव्हता. पण कुटण्यात असे, 'जिवंत आहेस काय वं सटवे?' आणि त्या तीन ठोक्यांत असे, 'आहे, तुह्या छातीवर.' मग दोघींचा दिवस सुरू होई.

त्या हिवाळ्यात छबूला खोकला लागला. रात्र रात्र खोकायची. एक उबळ आली की दुसरी येईपर्यंत अलीकडे रेवताबाईंचा श्वास अडकून राही. ज्या बाईचं तोंड पाहायचं नाही, तिच्यापायी आपण फुकट जागायचं? आपला जीव तिच्यासाठी खालीवर होतो, हेच रेवताबाईंना सहन होईना. औषध नेऊन देणं सोपं होतं. भिंतीला दोन थर देणं त्याहून सोपं वाटलं.

छबूला हे गल्लीतून कळलं. आठ दिवसांत तिनं पुण्याच्या पोराला फोन करून कंपनीची गाडी बोलावली आणि आपल्या बाजूनंही मधल्या भिंतीला फेस चढवला. तीन थर. दारात उभी राहून, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "तिनं दोन देल्ले, मी काय भिकारीण हाव काय?"

दोन्हीकडून फेस चढला त्या पहिल्या रात्री रेवताबाईंना अशी झोप लागली, की सकाळी पोरानं हलवून उठवलं. हेमराज त्यांचा पोरगा, विजेच्या सबस्टेशनवर कामाला. सून नातवंडांच्या शाळेपायी नागपुरात. "आई, बरं वाटते ना?" त्यानं विचारलं. बरं वाटत होतं. बाहेर पारा चढायला लागलेला, आत सव्वीस. नुकत्याच न्हालेल्या बाळंतिणीसारखं घर निवांत होतं.

मग त्या सवयीनं पाटावर बसल्या, मिरची कुटली, आणि थांबल्या.

काही आलं नाही.

येणार नव्हतंच. स्वतःच्या हातानं दोन थर दिलेले, पलीकडे तीन. डोक्याला कळत होतं. कानाला कोण समजावणार? कान तसेच भिंतीकडे लागून राहिले. दुसऱ्या दिवशी जोरात कुटलं. तिसऱ्या दिवशी भिंतीला कान लावला. ऐकू आलं ते स्वतःच्याच कानातलं रक्त.

त्या उन्हाळ्यात सगळी गल्लीच मुकी झाली. कुकरच्या शिट्ट्या गेल्या, भांडणं गेली, कुणाचं तान्हं रडतं, कुणाचा नवरा पिऊन आला, काही कळेना. आधी लोक खूश होते. मग कोपऱ्यावरच्या बारापात्रेंचे म्हातारे वारले ते रेवताबाईंना मोबाईलवर कळलं, तेही दुसऱ्या दिवशी. घरात माणसं अशी राहायला लागली जशी त्या फेसातली हवा. ज्याच्या त्याच्या खोलीत, ज्याच्या त्याच्या भिंतीवर डोकं आपटत.

रेवताबाईंनी दुसरी सोय काढली. झुंजुमुंजू झालं की त्या दाराची फट करून पाहत. छबू उन्हाआधी उंबऱ्यावर पाणी शिंपडायची. उंबरा ओला म्हणजे बाई उठली. बाई उठली म्हणजे आपणही चहा टाकावा. बघितलंसं कुणाला दिसू नये म्हणून हातात झाडू धरायच्या.

एके सकाळी उंबरा कोरडा होता.

'नळ आला नसंल,' रेवताबाई मनाशी म्हणाल्या. नळ आला होता, त्यांनी स्वतःच भरला होता. 'मग निजली असंल. तीन थर देल्ले ना, घे आता झोपा.' भोंगा वाजेपर्यंत त्यांनी झाडू हातातून ठेवला नाही.

संध्याकाळी हेमराजला म्हणाल्या, "तिचा उंबरा कोरडा होता आज."

"मग पाहून ये ना."

"मी काहून जाऊ? मले शपथ हाय."

"मग मी जातो."

"काही गरज नाही! तुले पाहून तिले वाटंन, मीच धाडलं. उद्या पाहू."

हेमराज दिवसभर ट्रान्सफॉर्मरवर पाणी मारून थकलेला. तो निजला. रेवताबाई भिंतीपाशी गेल्या, बत्ता उचलला आणि एकदा, दोनदा भिंतीवर मारला. ठण नाही, थड नाही, काही नाही. मुरमुऱ्याच्या पोत्यात बुक्की मारावी तसं झालं. फेसात दोन गोल खळगे तेवढे उमटले. आवाज भिंतीनं गिळला आणि ठसा ठेवून घेतला. असलीच ती. माणसासारखी.

दुसऱ्या दिवशीही उंबरा कोरडा. हेमराज पहाटेच्या पाळीला गेलेला. रेवताबाईंनी चहा टाकला नाही. भोंगा वाजला. त्या बसल्या, उठल्या, बसल्या. आणि ऊन माथ्यावर आलं तेव्हा डोक्यावर ओला पदर घेऊन दार उघडलं.

बाहेर पाऊल टाकलं आणि हवा तोंडावर आदळली. दोन दारांमधलं अंतर ते केवढं! लग्नात नवरी-नवरदेवामध्ये अंतरपाट धरतात, तेवढं. तेवढ्यातही चपलेचा तळवा डांबराला चिकटला.

"छबू!" त्यांनी दार बडवलं. "छबू, दार उघड वं!"

दारालाही फेसाची पट्टी. आतून कडी. रेवताबाई गल्लीकडे वळून ओरडल्या, "अरे कोणी हाय काय? बारापात्रे! ओ पराते! धावा ना रे कोणी!" सगळी दारं बंद, सगळी घरं थंड, सगळी माणसं आत धडधाकट. ज्या गल्लीत एके काळी कढईत मोहरी तडतडली तरी शिंक येऊन शेजारीण विचारायची, 'काय करून रायली वं?', त्या गल्लीत एक म्हातारी भर दुपारी गळा फाडून ओरडत होती आणि एक पडदासुद्धा हलला नाही. कुणी वाईट नव्हतं. कुणाला ऐकूच गेलं नाही.

हेमराज फोनवर सापडला. तो गस्तीच्या गाडीतून आला, सोबत दोन शिपाई. कडी तुटली.

उंबऱ्याशी हेमराजनं आईला धरलं. "तू थांब. तुले शपथ हाय."

रेवताबाईंनी त्याचा हात झटकला. "फिटली," त्या म्हणाल्या.

आत तसाच गारवा होता. सव्वीस. पेटी आपली गुणगुणत होती; कुणासाठी, हे तिनं कधी विचारलंय? छबू मधल्या भिंतीशी जमिनीवर कुशीवर पडली होती. उजवं अंग वाकडं झालेलं. मोबाईल स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार्जिंगला. आणि डाव्या मुठीत सासूचा बत्ता.

रेवताबाई खाली बसल्या तेव्हा त्यांना भिंत दिसली.

जमिनीपासून वीतभर वर, पडलेल्या बाईचा हात पोचेल तिथं, फेसात गोल खळगे होते. तीन. मग थोडी जागा. मग तीन. मग जागा. पुन्हा तीन. डावीकडचे खोल होते, बत्त्याचं अख्खं डोकं बुडेल एवढे. पुढं पुढं उथळ होत गेले. शेवटचे तीन तर नुसत्या बोटानं टेकवल्यासारखे. रेवताबाईंनी एकेका खळग्यावरून बोट फिरवलं. त्यांना वाचता येत होतं चौथीपुरतंच, पण हे येत होतं.

हाक मारली होती बाईनं. या वेळी मारली होती.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, पक्षाघात. परवा रात्रीच झालेला. "काल दुपारपर्यंत तरी असाव्यात," ते म्हणाले. हे सांगायची काय गरज होती? पण शिकलेल्या माणसाला बरोबर आकडा सांगितल्याशिवाय अन्न पचत नाही. काल संध्याकाळी आपण दोनदा भिंतीवर बत्ता मारला, हे रेवताबाईंनी कुणाला सांगितलं नाही.

छबूचा पोरगा नितेश पुण्याहून आला. तेराव्याला पान वाढलं, कावळ्याची वाट पाहिली. कावळे आता पवनीत कुठले! शेवटी गाईला दिलं. जाताना त्यानं तो बत्ता कागदात गुंडाळून आणला. "मोठीआई, हा तुमच्या खलाचा ना? ठेवा."

"तिच्या वाटणीचा हाय तो," रेवताबाई म्हणाल्या. पण हात पुढं झाला होता.

"घर भाड्यानं देतो म्हणतो," नितेश भिंतीकडे न पाहता म्हणाला. "मधली भिंत खराब झाली. कंपनीची माणसं येऊन त्या भिंतीचा सगळा फेस काढून नेतील, भाडेकरू ठरला की नवा देतील."

"कधी?"

"आज उद्या येतील."

ती दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. रेवताबाई बाहेर आल्या तेव्हा छबूच्या दाराशी प्लास्टिकची पोती उभी होती, पांढऱ्या चुऱ्यानं टम्म भरलेली. प्रांजली दोन पोती दोन बोटांवर उचलून गाडीत टाकत होती. रेवताबाईंना पाहून ती थांबली.

"दे इकडं," रेवताबाई म्हणाल्या. पोतं उचललं. काही वजनच नाही. उशीलाही याहून जास्त असतं. मरणाच्या दारातली एक बाई दिवसभर भिंत ठोकत राहिली, ते सगळं या पोत्यांत होतं, पोतंभर ठोके, आणि ते वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून तोंड बांधावं लागत होतं.

"आजी, मी तेव्हा म्हणाले होते..." पोरगी पुटपुटली. डोळे भरलेले.

"म्हटलं होतं तू. लई मोठी शहाणी. आता रडू नको, गाडी भर."

त्या घरात आल्या. उलथनं घेतलं आणि आपल्या बाजूची मधली भिंत खरवडायला बसल्या. फेस भुसभुशीत, चुरा घरभर उडाला. भांड्यांवर, केसांत, देवावर. संध्याकाळी हेमराज आला तो दारातच उभा राहिला.

"आई! हे काय करून रायली? पलीकडचं घर बंद हाय, पेटी बंद हाय. त्याच्यात ऊन साचलं की सगळी धग या भिंतीतून आपल्याकडं येईन!"

"येऊ दे."

"गॅरंटी जाईन."

"जाऊ दे. काय कमी गेलं काय?"

तो आत गेला. दुसरं उलथनं शोधून आणलं आणि वरच्या बाजूनं खरवडायला लागला. रात्री जेवायच्या वेळेला वीट उघडी पडली.

नितेशला भाडेकरू लवकर मिळाला नाही. बंद घर आठवडाभर तापत गेलं, आणि एकदा तापलेलं ते घर, गारवा जसा धरून ठेवायचं तशीच धग धरून बसलं. विटा कोमट झाल्या, मग गरम. रेवताबाईंची खोली सव्वीसची तिशीवर, तिशीची पस्तिशीवर गेली. हेमराज आपली खाट दुसऱ्या खोलीत घेऊन गेला. त्या नाही गेल्या.

रोज सकाळी त्या भिंतीशी पाट मांडतात. सासूच्या खलात सासूचाच बत्ता. वाटणीनंतर पहिल्यांदा जोडी जमली आहे, आणि आवाज अगदी पहिल्यासारखा येतो, भरीव, लांब घुमणारा. मिरची, लसूण, मीठ. कुटणं झालं की हात थांबतो. ते तीन ठोके त्या वाजवत नाहीत. ते आपले नव्हेत, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

नुसत्या बसून राहतात, कान लावून. भिंतीत आता फेस नाही, या बाजूनंही नाही, त्या बाजूनंही नाही. अर्ध्या विटेची तर भिंत. ऐकू न यायला आता काही कारण उरलेलं नाही.